घरात व्यायलेल्या कुत्रीची नोंद कोण घेणार? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी सांगलीत खासगी पशुवैद्यकीय दवाखाना चालवतो. आमच्या भागात अजूनही लोक त्याला ‘ढोरांचा दवाखाना’च म्हणतात, पण संध्याकाळच्या रांगेत आता ढोर क्वचितच दिसतं. लॅब (लॅब्रॅडॉर), पॉम (पॉमेरेनियन), शित्झू, जर्मन शेफर्ड, मधूनच एखादा हस्की. सांगलीच्या मे महिन्यात हस्की का पाळावा, हा प्रश्न मी विचारणं सोडून दिलं आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला, त्याच महिन्यात त्यात बदल केला, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं यांच्या आवारांसाठी पुढचे आदेश आले. तेव्हापासून जिथे तिथे निर्बीजीकरण केंद्रं, निवारे आणि निविदा यांचीच चर्चा आहे. ती व्हायलाच हवी. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये काही कुत्री कुणाच्या तरी हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे, जुन्या चादरीवर जन्मलेली असतात. त्या जन्माची नोंद सरकारकडे कुठेच होत नाही. आज मला आपल्याशी एवढंच बोलायचं आहे.

कायदा नाही असं नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा, आणि त्याखाली केंद्राने 2017 साली श्वान प्रजनन व विक्रीचे नियम केले. नियम चांगले आहेत. ब्रीडरने, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणाऱ्याने, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय आणि 8 वर्षांची झाल्यावर तिची वीण घ्यायची नाही. लागोपाठच्या दोन माजांवर तिला लावायचं नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि विकताना त्याला मायक्रोचिप आणि लस हवी. हे सगळं लिहिताना कुणाच्या डोळ्यांसमोर पिंजऱ्यांच्या रांगा असलेला केनल होता हे उघड दिसतं. आमच्याकडे केनल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पिल्लं येतात ती फ्लॅटमधून, बंगल्यातून आणि मळ्यावरच्या घरातून.

त्या घरातली माणसं स्वतःला ब्रीडर समजत नाहीत. ‘डॉक्टर, एकदा तरी पिल्लं होऊ देत तिला, मग ऑपरेशन बघू,’ असं ती म्हणतात. त्यामागे पैसा असतोच असं नाही. बरेचदा आजींना पिल्लं बघायची असतात, मुलांना खेळायला हवी असतात, आणि मादीचं आयुष्य मातृत्वाशिवाय अपुरं राहतं हा आपला माणसांसाठीचा समज कुत्रीलाही लागू केलेला असतो. मग शहरातल्या चार-दोन लॅब मेलपैकी एकाचा मालक गाठला जातो. क्रॉसिंगचा मोबदला म्हणजे एक पिल्लू, तेही त्याच्या पसंतीचं, नाहीतर रोख. तोच मेल गल्लोगल्ली फिरतो. दोन-तीन पिढ्यांनी त्याच्याच नातीला त्याच्यापुढे उभं केलं जातं आणि कुणाला कळतही नाही, कारण लिहून कुणी काही ठेवलेलंच नसतं. आठ महिन्यांचा लॅब मागचे पाय सशासारखे टाकत माझ्याकडे येतो. एक्स-रेमध्ये खुब्याची वाटी उथळ दिसते आणि मालक विचारतो, ‘कॅल्शियम कमी पडलं का?’

कॅल्शियमचा विषय निघालाच आहे तर एका रात्रीची गोष्ट सांगतो. साडेअकराच्या सुमारास एक कुटुंब टॉवेलमध्ये गुंडाळून पॉम घेऊन आलं. व्याऊन तीन आठवडे झाले होते, पिल्लं चार. ‘थंडी वाजतेय,’ ते म्हणाले. टॉवेल उघडला तर चारही पाय काठीसारखे ताठ, तोंड उघडं, धाप लागलेली, अंग तापानं भाजत होतं. रक्तातलं कॅल्शियम खाली गेलं होतं. लहान जातीच्या दूध पाजणाऱ्या कुत्रीला हे होतं. अशा वेळी शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं, पण अगदी संथ, कानाला नळी लावून, कारण घाई केली तर हृदयच थांबतं. मी एका हाताने सिरिंज ढकलत होतो, दुसऱ्या हाताने छातीचे ठोके ऐकत होतो, आणि वडील समजावून सांगत होते की गाभण होती तेव्हापासून तिला रोज कॅल्शियमची गोळी दिली होती, शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. त्या गोळ्यांनीच धोका वाढतो. शरीराला बाहेरून फुकट मिळायची सवय लागली की हाडातून कॅल्शियम काढायचं यंत्र सुस्त होतं. कुत्री वाचली. पिल्लं आईपासून तोडून बाटलीवर ठेवायला सांगितली. तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘बाटलीनं जमत नाही हो, कुणी घेणारं असेल तर बघा ना.’ पिल्लं तेव्हा जेमतेम साडेतीन आठवड्यांची होती.

आता पिल्लांकडे वळतो. जन्मल्यावर पहिले पंधरा दिवस सगळं घर खूश असतं. डोळे उघडतात, फोटो निघतात. चौथ्या आठवड्यात आठ पिल्लं घरभर शी-शू करायला लागतात, आई त्यांची घाण साफ करणं सोडते, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात आणि घराची सहनशक्ती संपते. मग व्हॉट्सॲपवर फिरतं: ‘हेवी बोन लॅब पप्स अव्हेलेबल, 32 डेज, मेल फिमेल बोथ’. कायदा म्हणतो 56 दिवस. असा मेसेज माझ्या फोनवर दर आठवड्याला एखादा तरी येतो, आणि पाठवणारे शिकलेले, सज्जन लोक असतात. 32 दिवसांच्या पिल्लाला लस झालेली नसते. आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरायच्या नेमक्या दिवसांत ते नव्या घरी, नव्या पाण्यावर, प्रवासाच्या ताणात जातं आणि पार्व्हो या विषाणूच्या आजाराला सापडतं. रक्ताची हगवण सुरू झाली की तीन-चार दिवसांत निकाल लागतो. जे जगतं तेही काहीतरी गमावून आलेलं असतं. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांकडून शिकतं, त्याच चौथ्या ते आठव्या आठवड्यांत. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ बंद पडतो. हा धडा चुकलेला कुत्रा दोन वर्षांनी पाहुण्यांच्या पोराला फोडतो, आणि मग आपण त्याच्या जातीला दोष देतो. मार्च 2024 मध्ये केंद्राने तेवीस जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जात कोणती यापेक्षा पिल्लू कितव्या दिवशी आईपासून तोडलं हे विचारणारं परिपत्रक मला जास्त उपयोगाचं वाटलं असतं.

वरची सगळी वेतं ठरवून झालेली. न ठरवता होणारी वेगळी. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, माज दोन-तीन आठवडे चालतो, आणि दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच नर शोधायला निघते. दूधवाल्यासाठी फाटक उघडं राहिलं तेवढं पुरतं. जोड अडकलेली दिसली की लोक पाणी ओततात, काठ्या मारतात. उपयोग शून्य, दोघांना इजा मात्र होते. 63 दिवसांनी पिल्लं येतात, आणि त्यांच्या कानांवरून वा शेपटीवरून बाप गल्लीतला आहे हे कळलं की त्यांची किंमत संपते. आठ पिल्लं असली तर त्यातले तीन-चार नर कसेबसे कुणाच्या तरी शेतावर जातात. मादी पिल्लू कुणी घेत नाही, ‘उद्या हिला पिल्लं झाली तर निस्तरायचं कुणी?’ म्हणून. मग त्या माद्या पोत्यात किंवा खोक्यात घालून बाजाराच्या मागे, बायपासवर, हॉटेलच्या उकिरड्याजवळ सोडल्या जातात. पुढच्या पिढीला जन्म देणारीच नेमकी आपण रस्त्यावर ठेवतो, आणि नंतर त्याच रस्त्यावर महापालिकेची गाडी जाळी घेऊन फिरते.

एका जोडीपासून काही वर्षांत हजारो कुत्री होतात असा हिशेब फलकांवर लिहिलेला असतो. तो मी आपल्याला देत नाही. रस्त्यावर टाकलेल्या पिल्लांतली बरीचशी वर्षाचीही होत नाहीत. गाड्यांखाली, उपासमारीने, पार्व्होने मरतात. हिशेब फुगवायची गरज नाही, खरा आहे तोच पुरेसा वाईट आहे.

पाळीव प्राणी टाकून देणं हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. मंत्रालयासमोर गाडी चुकीची लावली तर यापेक्षा जास्त भरावे लागतात. हा आकडा बदलणं केंद्राच्या हातात आहे हे मला ठाऊक आहे, आपण तिथे पाठपुरावा करावा. पण काही गोष्टी राज्यालाही करता येतील, आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

2017 च्या नियमांत ब्रीडर म्हणजे प्रजनन आणि विक्रीसाठी विशिष्ट जातींची कुत्री बाळगणारी व्यक्ती. माझ्या वाचनाप्रमाणे पैसे घेऊन एकच वेत विकणारं घरही यात येतं. राज्याने तसं एकदा स्पष्ट, मराठीत, वर्तमानपत्रात छापून सांगावं. पण पिल्लं फुकट वाटणारं घर यात येत नाही, अपघाताने झालेलं वेत तर नाहीच. त्यांना ब्रीडरची नोंदणी आणि शुल्क लावण्यात अर्थ नाही, लोक फक्त लपवतील. त्यांच्यासाठी एका पानाची साधी वेत-नोंद असावी: आई कोणाची, पिल्लं किती, नर किती, मादी किती, आठ आठवड्यांनी कुठे गेली. ती कुठल्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाला भरता यावी, शुल्क नको, आणि ती भरणाऱ्या घरातल्या आईचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात सवलतीने व्हावं. दंडापेक्षा सवलतीच्या मागे लोक लवकर धावतात, हे आपल्याला लसीकरणाच्या शिबिरांवरून माहीत आहेच.

ऑपरेशनचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याचं निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. जबाबदारी दिली, पण आमच्या जिल्ह्यातल्या जत किंवा आटपाडीच्या मालकाने ती पार पाडायची कुठे? भटक्या कुत्र्यांसाठी असलेली निर्बीजीकरण केंद्रं शहरांत, आणि तीही पाळीव कुत्री घेत नाहीत. खासगीत मोठ्या मादीच्या ऑपरेशनचा खर्च शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढा होतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात आठवड्यातून एक दिवस यासाठी राखून ठेवता येणार नाही का? मनुष्यबळाची अडचण मला दिसते. रिक्त पदं आहेत, लाळ-खुरकुताच्या लसीकरणाच्या फेऱ्या असतात, 2022 मध्ये लम्पीच्या वेळी आपले कर्मचारी गोठ्यागोठ्यांत कसे पळत होते ते मी पाहिलं आहे. पण माझ्यासारखे खासगी लोक ठरावीक मानधनावर तो एक दिवस उभे राहायला तयार होतील. विचारून तरी बघा.

जाहिरातींचं काम त्याहून सोपं. पिल्लाच्या जाहिरातीत ब्रीडरचा नोंदणी क्रमांक किंवा वेत-नोंदीचा क्रमांक आणि पिल्लांची जन्मतारीख नसेल तर ती जाहिरात बेकायदेशीर समजावी. जन्मतारीख छापली की 32 दिवसांचं पिल्लू विकणारा स्वतःच्या हाताने पुरावा देतो. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राणिक्लेश प्रतिबंधक समिती असते. अशा चार जाहिरातींवर तिने कारवाई केली तरी बातमी सगळीकडे पोहोचेल. आमच्या व्यवसायालाही चार शब्द सुनवा. ‘मेल उपलब्ध’ अशी चिठ्ठी दवाखान्याच्या फलकावर टाचणारे आमच्यातही आहेत.

कुत्र्यांची पैदासच बंद करा, असं माझं म्हणणं नाही. सोलापूर, लातूर आणि आमच्या पूर्व भागात कारवान आणि पश्मी या देशी जाती जपणारी माणसं आहेत. मेंढरांमागे, शेतात, शिकारी अंगाची ही कुत्री त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवली. कुठल्या मादीला कुठला नर लावायचा हे त्यांना तोंडपाठ असतं, कमकुवत जनावर ते पुढे चालवत नाहीत. कागदाच्या बाबतीत ते नियमात बसत नसतील, पण नियमाचा हेतू त्यांनाच कळलेला आहे. नोंदणीची पद्धत करताना प्राणी कल्याण मंडळाने त्यांना मुंबई-पुण्याला हेलपाटे घालायला लावू नयेत, अधिकारी यात्रेत, बाजारात त्यांच्याकडे जावा.

आत्ता माझ्या टेबलावर एका मालकाचा अर्ज आहे. त्यांच्या लॅबला सात पिल्लं झाली आहेत, त्यांना सगळं नियमाने करायचं आहे, आणि ते मला विचारत आहेत की सांगली जिल्ह्यात हा कागद कुणाकडे द्यायचा. पुण्यातल्या औंधच्या पशुसंवर्धन आयुक्तालयात पाठवू, जिल्हा उपायुक्तांकडे, का समितीकडे? पिल्लं आज 19 दिवसांची आहेत. 56 वा दिवस उजाडण्याआधी आपल्या विभागाने त्या अधिकाऱ्याचं पद आणि पत्ता कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक खासगी पशुवैद्यक, सांगली