विंटनच्या काळ्या रानात बाबांना घेऊन गेलेल्या दादांस

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले, पण मन भरलं नाही. म्हणून हे पत्र, चारचौघांनीही वाचावं असं.

स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही आम्हाला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा, विंटन गावाभोवतीचा तो ओसाड मुलूख दाखवलात. पाण्याचे कॅन, जादा टायर, बाबांच्या पाठीला उशी, सगळं आठवणीनं घेतलंत. पण मला आभार मानायचे आहेत ते डायनासोरच्या संग्रहालयातल्या त्या अर्ध्या तासाचे.

आमचे बाबा परभणीकडचे कोरडवाहू शेतकरी. इंग्रजी येत नाही म्हणून अशा ठिकाणी मागेच उभे राहतात. तुम्ही त्यांना हाताला धरून पुढे नेलंत आणि गाईडचं वाक्यन् वाक्य मराठीत सांगितलंत. 1999 मध्ये डेव्हिड एलियट या तिथल्या पशुपालकाला मेंढ्या वळताना रानात डायनासोरचं हाड सापडलं, हे ऐकून बाबा म्हणाले, "न खणता वर आलं कसं?" तुम्ही प्रश्न जसाच्या तसा गाईडला विचारलात.

उत्तर बाबांच्या ओळखीचं निघालं. हाडं खाली खडकात. वरची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि या उलथापालथीत हाडांचे तुकडे हळूहळू वर सरकतात. "आमच्या रानातबी दगड असेच वर येतात, दरसाल वेचावे लागतात," बाबा म्हणाले. तेही तुम्ही गाईडबाईंना सांगितलंत. भेगा किती खोल, असं त्यांनी विचारल्यावर बाबांनी बाही सारून खांद्याशी हात लावून दाखवला. आपल्या मातीबद्दल त्यांना इतक्या आदरानं कुणी विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग कच्च्या रस्त्यानं, लाल धुळीतून, विंटनपासून 110 किलोमीटरवरचं लार्क क्वारी. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी चिखलात उमटलेली डायनासोरांची सुमारे 3,300 पावलं, काही तर कोंबडीच्या पायाएवढी! मोठ्या डायनासोरला भिऊन छोट्या डायनासोरांचा कळप पळाला, की उथळ पाणी ओलांडत होता, यावर अभ्यासकांत वाद आहे. बाबा अजूनही पळापळीच्याच बाजूचे आहेत, आणि पारावर तसं ठासून सांगतात.

जानेवारीत गावी याल तेव्हा आमच्याकडे या. हुरड्याला येणारच, असं बाबांनी गृहीत धरलंय. वहिनींना आणि मुलांनाही आणा.

तुमची धाकटी बहीण