टॅगची नक्कल क्षणात निघते!

कोथरूड, बाणेर भागातल्या अनेक सोसायट्यांच्या दारांना आता कुलपाऐवजी टॅगचे, म्हणजे किल्लीसारख्या वापरायच्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याचे, रीडर आहेत. सोय आहे, वाद नाही. पण यातले स्वस्तातले, १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणारे टॅग रीडरजवळ नेले की फक्त एक ठरलेला क्रमांक सांगतात. साध्या कॉपियरवर त्यांची नक्कल निघते. १३.५६ मेगाहर्ट्झचे सगळेच सुरक्षित असेही नाही. त्यातल्याच मायफेअर क्लासिक या प्रकाराचे सांकेतिकरण २००८ मध्येच फोडले गेले. आमच्या इमारतीत तर घर सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या टॅगने अजून दार उघडते, याची फार काळजी वाटते. कमिट्यांनी असे क्रमांक आधी रद्द करावेत. आणि आग लागून वीज गेली, तर जिन्याचे दार आतून टॅगशिवाय उघडते का, हे मेन स्विच बंद करून तपासावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे