पार्किंगचा सहावा तास

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वाहनतळांच्या वाढत्या शुल्काविषयी लिहिताना सुरुवातीलाच स्पष्ट करतो की, पार्किंग फुकट मिळावे अशी माझी मागणी नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरलेली आहे. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, चौरस फुटांत सुमारे १३५. पुण्याच्या पेठांत एवढ्या जागेत दुकान चालते आणि त्यावर एक कुटुंब जगते. अशी जागा मी माझ्या गाडीसाठी तासन्‌तास अडवून ठेवणार असेन, तर तिचे भाडे मीच भरले पाहिजे. मी ते चुकवले तर बसने किंवा पायी जाणाऱ्या माणसाच्या खिशातून ते जाते. माझी तक्रार आहे ती शुल्क ज्या रीतीने आकारले जाते त्याबद्दल, आणि वाढीव शुल्काच्या बदल्यात नागरिकाला काय मिळते याबद्दल.

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. गेली दोन वर्षे आठवड्यातून तीन दिवस त्यांचे डायलिसिस असते. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घरापासून मध्यवस्तीतल्या रुग्णालयापर्यंत त्यांना मोटारीने न्यावे लागते. रुग्णालयाचे स्वतःचे वाहनतळ डॉक्टरांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या गाड्यांनीच भरलेले असते, म्हणून जवळच्या ‘पे अँड पार्क’मध्ये गाडी लावतो. डायलिसिस चार तासांचे असते, असे आपण सहज म्हणतो. पण ते चार तास यंत्राचे असतात, माणसाचे नव्हे. आधी वजन करायचे, रक्तदाब पाहायचा, हातावरच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत, दोन सुया टोचून घ्यायच्या. चार तासांनी सुया निघाल्या की त्या दोन छिद्रांवर कापूस दाबून बसायचे. रक्त थांबायला कधी दहा मिनिटे लागतात, कधी वीस. पुन्हा वजन, पुन्हा रक्तदाब, आणि तो फार उतरलेला असेल तर पाय वर करून थोडा वेळ पडून राहायचे. त्यानंतर मी त्यांना हाताला धरून गाडीपर्यंत आणतो, तेव्हा गाडी लावल्याला पाच तास आणि वर दहा-बारा मिनिटे झालेली असतात. पावती सहा तासांची निघते.

या वाहनतळाचा दर पूर्वी तासाला २० रुपये होता, आता तो ३० झाला आहे. सहा तासांचे १२० होत होते, आता १८० होतात. महिन्याला साधारण तेरा खेपा धरल्या, तर १,५६० रुपयांचा खर्च २,३४० रुपयांवर गेला. त्यातले ३९० रुपये निव्वळ त्या सहाव्या तासाचे आहेत, ज्यातली पन्नास मिनिटे आम्ही तिथे नसतोच. उलट त्या पन्नास मिनिटांत त्याच जागेवर दुसरी गाडी लागलेली असते आणि तिच्याकडूनही पूर्ण तासाचे पैसे घेतले जातात. एकच जागा, एकच तास, दोनदा विकलेला. दरवाढीवर इतकी चर्चा झाली, पण चार मिनिटे वर झाली तरी पूर्ण तास धरण्याच्या या रीतीबद्दल कोणी बोलल्याचे मला आढळले नाही.

पावती फाडणारा मुलगा भला आहे. वडिलांच्या दंडावरची पट्टी पाहून तो स्वतः पुढे होऊन गाडीचे दार उघडतो. एकदा मी त्याला म्हटले, “अरे, पाच तासांवर आठच मिनिटे झाली आहेत.” त्याने हातातले यंत्र माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, “काका, मशिन घेतच नाही. सहावा तास लागला की लागला.” त्याचे खरे आहे. त्याला संध्याकाळी ठेकेदाराला हिशेब द्यायचा असतो आणि कमी भरले तर ते त्याच्या पगारातून कापले जाते. सवलत द्यायचा अधिकार त्याच्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे तो आहे तो वाहनतळावर कधी दिसत नाही. दरफलकही झाडाच्या फांदीआड गेलेला आहे. नव्याने येणाऱ्याला दर कळतो तो पैसे देतानाच.

“गाडी परवडते, मग पार्किंग का परवडत नाही?” असा प्रश्न मला नातेवाइकांनीही विचारला आहे. आमची गाडी बारा वर्षे जुनी आहे आणि गेल्या दोन वर्षांत ती रुग्णालयाखेरीज क्वचितच कुठे गेली आहे. रिक्षाने जावे असे सुचवले जाते. जाताना आम्ही काही वेळा गेलोही. पण परतीच्या वेळी, संध्याकाळच्या गर्दीत, उभे राहिले तरी डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या माणसाला पदपथावर थांबवून रिक्षा शोधणे मला धाडसाचे वाटते. एकदा तसे करताना वडील खाली बसले होते. त्यानंतर मी तो प्रयोग केलेला नाही.

पार्किंग महाग केले की लोक गाड्या घरी ठेवतील आणि सार्वजनिक वाहतुकीकडे वळतील, असा दरवाढीमागचा विचार सांगितला जातो. तो विचार चुकीचा नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही पार्किंग शुल्क जागेच्या खऱ्या मोलाशी जुळणारे असावे आणि त्याचा उपयोग सार्वजनिक वाहतूक अधिक आकर्षक करण्यासाठी व्हावा, असे म्हटले आहे. पण या वाक्याला दोन भाग आहेत, आणि आपल्याकडे पहिलाच अमलात येतो. १ जून २०२५ पासून पीएमपीचे, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेचे, किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झाले, दैनंदिन पास ४० वरून ७० रुपयांवर आणि मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. पीएमपीचा तोटा मला ठाऊक आहे आणि भाडे कधीच वाढू नये असे मी म्हणत नाही. मात्र पार्किंगही महाग आणि बसही महाग, अशा स्थितीत माणसाने गाडी सोडून वळायचे कुठे? वाहनतळांतून गोळा झालेला पैसा जर बसगाड्यांसाठी, थांब्यांसाठी आणि पदपथांसाठी खर्च होत असेल, तर तो किती जमला आणि कुठे गेला हे प्रत्येक वाहनतळाच्या दारावर लिहिलेले असायला हवे. माझे महिन्याचे २,३४० रुपये कोणत्या तरी थांब्यावर छप्पर होऊन उभे राहिलेले दिसले, तर मी ते अधिक समाधानाने भरीन.

पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, तेव्हा शहरभर विरोध झाला आणि अखेर प्रायोगिक तत्त्वावर मोजक्या पाच रस्त्यांपुरतेच ते राबवायचे ठरले. त्या वेळचा सगळा वाद पैसे घ्यावेत की घेऊ नयेत, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरला. घ्यायचे तर कोणाकडून, किती वेळाच्या टप्प्याने आणि कोणाला वगळून, हा खरा कळीचा भाग मागेच राहिला. परिणामी, लक्ष्मी रस्त्यावर साडी खरेदीला आलेले कुटुंब, रविवार पेठेत माल उतरवून लगेच निघणारा छोटा व्यापारी आणि रुग्णाला घेऊन आलेला मुलगा यांना ठेकेदाराचे यंत्र एकाच मापाने मोजते. भाड्याची मोटार चालवणाऱ्यांची अवस्था तर आणखी वाईट. प्रवासी रुग्णालयात किंवा न्यायालयात गेला की चालक थांबून राहतो, आणि पार्किंगची पावती पुष्कळदा त्याच्याच खिशातून जाते. वाहनतळावर माझ्या शेजारी गाडी लावणारे असे एक गृहस्थ पुढच्या तासाचे पैसे वाचवायला तास भरण्याआधीच गाडी बाहेर काढतात आणि प्रवासी येईपर्यंत रस्त्यावर चकरा मारत राहतात. त्यात डिझेल जळते, रस्त्यावरची गर्दी वाढते, आणि ज्या हेतूने शुल्क वाढवले तो हेतूच उलटा होतो.

यावर काही साध्या गोष्टी करता येतील. शुल्क पहिल्या तासानंतर पंधरा मिनिटांच्या टप्प्याने आकारावे. हातातली यंत्रे आता इलेक्ट्रॉनिकच आहेत, त्यांना हे जड नाही. तेलंगणा सरकारने २०१८ मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्ससाठी पहिली ३० मिनिटे मोफत ठेवण्याचा आदेश काढला होता. तसाच अर्ध्या तासाचा नियम आपल्याकडे निदान रुग्णालयांच्या आसपासच्या वाहनतळांना लावावा, म्हणजे रुग्णाला सोडून किंवा औषधे घेऊन निघणाऱ्याला तासाचे पैसे भरावे लागणार नाहीत. रुग्णालयांना खाटांच्या प्रमाणात पार्किंग ठेवण्याचे बंधन बांधकाम परवानगीतच असते. ती जागा प्रत्यक्षात रुग्णांसाठी खुली आहे का, याची तपासणी महापालिकेने करावी.

डायलिसिस, केमोथेरपी, रेडिएशन अशा दीर्घ आणि ठरावीक उपचारांसाठी येणाऱ्यांना मासिक सवलत पास द्यावा, ही माझी सर्वांत कळकळीची विनंती आहे. त्यासाठी नवीन अर्ज, नवीन खिडकी, नवीन दाखला यांची गरज नाही. माझ्या वडिलांच्या प्रत्येक डायलिसिसची तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ एका जाड कार्डावर लिहिली जाते आणि खाली तंत्रज्ञाची सही असते. ते कार्ड नेहमी माझ्या शर्टाच्या खिशात असते. वाहनतळावरच्या मुलाने ते पाहून सवलतीची पावती द्यावी, एवढी मुभा महापालिकेने त्याला द्यावी.

आपला,
सिंहगड रस्त्यावरील एक वाचक, पुणे