रसायनशास्त्राची पदवी : विषय निवडताना गणित सोडू नका

महोदय,

बारावीच्या निकालानंतर रसायनशास्त्रात बी.एस्सी. करू इच्छिणारी अनेक मुले गणिताच्या धास्तीने दुय्यम विषय म्हणून हमखास जीवशास्त्राकडचा पर्याय निवडतात. पालकही त्यास मान डोलावतात, हे पाहून काळजी वाटते. अभिक्रियेचा वेग, ऊष्मागतिकी (थर्मोडायनॅमिक्स) आणि पुंज रसायन (क्वांटम केमिस्ट्री) हे भाग कलन (कॅल्क्युलस) व अवकल समीकरणांवाचून पाठांतरापुरतेच उरतात. आयआयटीत एम.एस्सी.साठी होणाऱ्या ‘जॅम’ परीक्षेच्या रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमातही गणिताच्या मूलभूत संकल्पनांचा समावेश आहे. बारावीला गणित नसलेल्यांनी पहिल्याच वर्षी ते शिकून घ्यावे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करता येते. चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असल्यास, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे, पीएच.डी. प्रवेशासाठी पात्रता मिळते. मात्र एम.एस्सी. करून पीएच.डी.कडे जाण्यापेक्षा केवळ एक वर्ष वाचते म्हणून हा मार्ग धरू नये. त्या महाविद्यालयात संशोधन करवून घेणारे मार्गदर्शक आणि चालू स्थितीतील उपकरणे आहेत का, हे आधी पाहावे.

प्रवेशापूर्वी प्रयोगशाळा जरूर पाहावी. एका ब्युरेटभोवती (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडण्याच्या काचनळीभोवती) चौघे उभे राहत असतील, तर फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाची फिकट गुलाबी छटा, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण, नेमक्या कोणत्या थेंबाला टिकते, हे एकाच्याच हाताला कळते आणि बाकीचे तिघे आकडे उतरवून घेतात. महाविद्यालयांनी माहितीपत्रकातच प्रात्यक्षिकाच्या तुकडीतील विद्यार्थिसंख्या छापावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, सांगली