नानांच्या एकोणीस फोटोंसाठी

आदरणीय काकांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं बरं, ठेव आता’ म्हणता आणि स्वतःच फोन ठेवून देता. इथे तेवढी सोय नाही.

फेब्रुवारीत देवळालीला तुमच्या दारात बिस्किटाचा डबा घेऊन उभी राहिले, तेव्हा तुम्ही मला ओळखतही नव्हता. माझ्या वडिलांना, नानांनाही नाही. ते हवाई दलात आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानाच्या शस्त्रांची जोडणी-देखभाल करणारे होते, तुम्हीही त्याच ट्रेडचे आणि हंटर या लढाऊ विमानावरच काम केलेले, एवढंच नातं. ७१च्या भारत-पाक युद्धात जामनगरहून जैसलमेरला गेलेल्या हंटर विमानांबरोबर नाना होते, याच्यापुढे आम्हा भावंडांना काही ठाऊक नव्हतं. विचारलं तर ‘लढाई वर असते, आम्ही खाली’ म्हणून विषय संपवायचे.

डब्यात एकोणीस फोटो. बहुतेकांत विमानच नाही. धावपट्टीजवळ कॅमेरा न्यायची सहसा परवानगी नसायची हे तुमच्याकडूनच कळलं. आमच्या दादाने तर वाळू, तंबू, चहाची किटली असले सात-आठ फोटो टाकून द्यायला बाजूला काढले होते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, भिंग घेतलंत आणि नेमका त्याच गठ्ठ्यातला एक उचललात. तो आम्ही उलटा धरून पाहत होतो, काका! सरळ धरल्यावर वर काळं काहीतरी, खाली तीन माणसांच्या पाठी. तुम्ही म्हणालात, ‘अगं, हे हंटरचं पोट आहे. गन पॅक खाली घेतलाय.’

मग चहा निवला तरी तुम्ही सांगत राहिलात. हंटरच्या चार एडन तोफा आणि त्यांचा दारूगोळा असा सगळा संच एकाच पेटीत. विमान परत आलं की नळ्या विमानातच ठेवून पेटी खाली उतरवायची आणि भरलेली दुसरी वर चढवायची. पाच डिसेंबरच्या सकाळी लोंगेवाला चौकीवर चालून आलेल्या पाकिस्तानी रणगाड्यांवर हंटर जोडीजोडीने जात होती, कारण रात्री त्यांना जाता येत नव्हतं आणि चौकीवरचे जवान उजाडायची वाट बघत होते. विमान उतरलं की इंधन, रॉकेट, तोफा, आणि पुन्हा रवाना. ‘वैमानिकाला रणगाडा तरी दिसतो. आपल्याला पेटीचे हुक दिसतात आणि घड्याळ,’ हे तुमचं वाक्य मी घरी जशाच्या तसं सांगितलं. दादा बराच वेळ काही बोलला नाही.

आता माझी फजिती. वाळूत रणगाड्यांच्या साखळ्यांचे वेडेवाकडे गोल उमटलेत, तो फोटो नानांनी काढला म्हणून मी नातेवाइकांत मिरवत होते. तुम्ही हसला नाहीत. फक्त विचारलंत, ‘फिटर विमानात कुठे बसला असेल?’ तो हवेतून टिपलेला, पुढे खूप ठिकाणी छापला गेलेला फोटो. नानांकडे त्याची प्रत असणार. बोटाने कागद चोळून दाखवलात: हा पातळ आणि चकचकीत, बाकीचे जाड. दुसऱ्या एका फोटोवर आमच्यापैकी कुणीतरी हौसेने बॉलपेनने ‘लोंगेवाला’ लिहून ठेवलंय. त्यातली पोरं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात घाम पुसतायत. ‘डिसेंबरात जैसलमेरला पहाटे बोटं पाना धरेनात, आणि हे घामेजलेत? हा युद्धाचा नाही.’

खरं सांगू? त्या वेळी थोडा रागच आला. एकोणीसातले युद्धाचे म्हणून तुम्ही जेमतेम चार ठेवलेत, तेही ‘असावेत’ म्हणून. पण बसमध्ये ते चारच पुन्हा पुन्हा काढून पाहिले. तीन पाठींपैकी मधली नानांची आहे असं मला वाटतं. डावा खांदा किंचित उतरलेला, तसाच. तुम्ही त्यावर ‘पाठीवरून मी सांगणार नाही’ म्हणालात.

गॅसची कळ बंद केल्यावर पुन्हा एकदा हात लावून बघायची नानांची सवय होती, बँकेचा अर्ज ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मगच सही. आई वैतागायची. विमान उडण्याआधी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, ज्याने काम केलं त्याची सही लागते, हे तुम्ही सहज बोलून गेलात. आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘हे लग्नाआधी कळायला हवं होतं.’

एका दुकानदाराने न विचारता दोन फोटो लॅमिनेट करून दिले होते, ते काही सुटत नाहीत. बाकीचे तुमच्या सांगण्याप्रमाणे एकेका कागदी पाकिटात ठेवलेत, माहिती फोटोवर नाही, पाकिटावर, आणि मऊ पेन्सिलीने, पाकीट रिकामं असताना.

दिवाळीनंतर कंदी पेढे घेऊन येते. साखरेचं निमित्त चालणार नाही, वहिनींशी बोलणं झालंय. किटली धरलेल्या मुलाचा फोटो पुन्हा एकदा भिंगाखाली घालायचाय.

पोटाच्या फोटोच्या पाकिटावर एवढंच लिहिलंय: ‘हंटर. गन पॅक उतरवताना. जैसलमेर (मागे नानांचं अक्षर). तारीख नाही. माणसं तीन, नावं माहीत नाहीत.’

तुमची,
नानांची धाकटी, कराड