आधी पिसवा, मग उंदीर

शहरात घरोघरी उंदीर मारण्याचे औषध वाटणार असल्याची बातमी वाचली. हेतू चांगला आहे, पण क्रम चुकतो आहे. प्लेग माणसापर्यंत बहुधा पोहोचतो तो उंदराच्या अंगावरील पिसवांमुळे. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की पिसवा त्याला सोडून दुसरे रक्त शोधतात. घरातले मांजर, कुत्रे, नाहीतर जमिनीवर झोपलेले लेकरू. म्हणून आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटांवर पिसवा मारणारी भुकटी टाकायची, विष त्यानंतर.

मराठवाड्याला हे नव्याने सांगावे लागू नये. १९९३ च्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावात लोक घरे सोडून बाहेर राहिले, धान्य मात्र आतच होते. पुढच्या वर्षी तिथे आधी उंदीर मरून पडू लागले, मग पिसवांचा त्रास सुरू झाला आणि ऑगस्ट १९९४ मध्ये गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर इशारा होता!

औषधाच्या पुडीसोबत निदान एवढे तरी छापावे: मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका, आणि एकाच वस्तीत अनेक उंदीर मेलेले दिसले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा.

– एक वाचक, बीड