कोजागरीचे चार दिवस

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादा छापून आणून देईल. अक्षरं मोठी ठेवायला सांगितलं आहे, तरी बाबा, चष्मा लावूनच वाचा. आणि आई, तू शेवटचं पान आधी वाचू नकोस. वाईट बातमी काही नाही.

कोजागरीच्या आदल्या दिवसापासून चार दिवस मी एका बेटावर असेन आणि तिथे फोनला रेंज धड मिळत नाही. सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढंच फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती, बाबा "बरं बरं" म्हणाले असते आणि रात्रभर दोघंही पंख्याकडे बघत पडून राहिला असतात. म्हणून नीट बसून लिहितेय.

फेरीबोटीचं बुकिंग जूनमध्येच केलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, कबूल. पण तेव्हा बाबांना नुकतीच चक्कर येऊन गेली होती, आणि ती बातमी मला आठ दिवसांनी कळली होती. तेव्हा फिटंफाट म्हणू या. रजा दोनच दिवसांची काढली आहे, बाकी शनिवार-रविवार. जानेवारीतल्या तीन आठवड्यांना धक्का लावलेला नाही, तिकिटं काढून झाली आहेत. हे पुन्हा सांगते, कारण आईच्या मनात तेच येणार.

आता बाबांसाठी जागेची माहिती. आमच्या रॅलेहून साडेतीन तास गाडी हाकली की नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचं डेव्हिस नावाचं चिमुकलं गाव येतं. तिथून फेरीबोट. दाभोळ-धोपाव्याचीच धाकटी बहीण समजा, मोजक्याच गाड्या मावतात. ती आम्हाला साउथ कोअर बँक्सवर सोडते. हे बेट म्हणजे नुसती वाळू. किनाऱ्याला समांतर, मैलोन्मैल लांब, रुंदी मात्र इतकी कमी की या कडेहून त्या कडेला आई गुडघे धरूनही चालत जाईल. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला उथळ, खाडीसारखं शांत पाणी. समुद्राचा मार मुख्य किनाऱ्याच्या आधी ही पट्टी झेलते, खाजणाच्या बांधासारखी. फक्त हा बांध कुणी घातलेला नाही आणि तो एका जागी राहतही नाही. वादळात लाटा वाळू उचलून पलीकडच्या बाजूला टाकतात, त्यामुळे बेटच हळूहळू जमिनीकडे सरकत राहतं. खाली आपल्यासारखा कातळ नाही ना! १९६६ साली सरकारने असा ५६ मैलांचा किनारा राखीव केला. रस्ता नाही, वीज नाही, दुकान नाही, कचऱ्याचा डबासुद्धा नाही. आपला कचरा आपणच परत आणायचा. (हे वाचून बाबा ग्रामपंचायतीबद्दल जे बोलतील ते मला इथे ऐकू आलं.)

शेजारच्या शॅकलफर्ड बेटावर पूर्वी माणसं राहायची. १८९९ च्या वादळात पाणी घराघरांत शिरलं आणि त्यानंतर लोकांनी घरंच सोडवून, होड्यांवर चढवून पलीकडच्या काठावर नेली. आता तिथे शंभरावर रानटी घोडे राहतात. तुमच्या घराबद्दल मी काही सुचवत नाहीये, खरंच. 'निसर्ग' वादळात निम्मी वाडी आडवी झाली तेव्हाही तुम्ही हलला नाहीत, आणि गेल्या वर्षी दादाने विषय काढला तेव्हा बाबा जेवणावरून उठले, ते मला ठाऊक आहे. मी तो विषय काढणार नाही. जानेवारीतही नाही.

तर ट्रक. फेरीबोटीतून नेऊन तिथल्या वाळूवर चालवायचा तो. ट्रक म्हणजे आंब्याच्या पेट्या वाहतो तो नव्हे. पुढे पाच जण बसतील अशी केबिन आणि मागे उघडा हौदा. ज्याचा फोटो पाहून बाबांनी "शेणखत वाहायला घेतलास का?" असं विचारलं होतं, तोच. असे पाच ट्रक आणि आम्ही अकरा जण, बहुतेक इथल्या मंडळातले. तुमचे जावई येत नाहीयेत, त्यांची पाठ तुम्हाला माहीत आहे. शिवाय नातवाची परीक्षा आहे. म्हणजे ट्रक मी चालवणार. आई, श्वास घे.

बाबा, आता तुमची शंका. कोजागरी म्हणजे पौर्णिमा, पौर्णिमा म्हणजे उधाण, आणि उधाणाच्या दिवशी पुळणीवर गाडी घालणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणता ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दर दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची एखादी गाडी आपल्या पुळणीत बसायची, भरतीचं पाणी दारापर्यंत यायचं, मग बैल, मग ट्रॅक्टर, आणि तुम्ही कंपाउंडच्या कडेला उभं राहून "शहाणे आले" म्हणत असायचात. ती शहाणी मी नाही. एक तर आपल्याकडे उधाणाला पाणी दहा-एक फूट चढतं-उतरतं, इथे जेमतेम चार-पाच. दुसरं, मी तुमचं गणितही करून पाहिलं. भरतीची वेळ म्हणजे तिथीची पाऊणपट, पौर्णिमेच्या पंधराचे सव्वाअकरा. इथे ते चालत नाही बाबा! पौर्णिमेची भरती इथे सकाळी सात-आठच्या सुमारास येते आणि ओहोटी भर दुपारी. म्हणून हलायचं ते दुपारीच, ओल्या घट्ट वाळूवरून, सावकाश. टायरमधली हवा पस्तिसावरून विसावर आणायची. टायर पसरतो, उंटाच्या पावलासारखा, मग रुतत नाही. परत आल्यावर पंपाने पुन्हा भरायची. बरोबर फावडी आहेत, ओढायचे पट्टे आहेत, चाकाखाली सारायच्या फळ्या आहेत. एकटी गाडी कुठेही जाणार नाही, सगळ्यांकडे वॉकीटॉकी आहे. कासवांच्या घरट्यांना कुंपण घातलेलं असतं, त्याला वळसा घालायचा. वेळासच्या लोकांनी अंडी राखली तशीच इथेही राखतात, फक्त जात वेगळी, लॉगरहेड. आणि वादळाचे दिवस अजून संपलेले नाहीत, ते मलाही माहीत आहे. तशी चाहूल जरी लागली तरी आम्ही निघणारच नाही, पैसे बुडाले तरी चालतील.

मी पाण्यात जाणार नाही. घोट्यापर्यंतसुद्धा नाही. भाऊकाकांचं मी विसरलेले नाही, आई.

खाण्यापिण्याचं आणि झोपण्याचं सांगते, नाहीतर तू विचारशीलच. माणशी रोजचं चार लिटर पाणी नेतोय. झोपायला फुगवायची जाड गादी आहे, तुझ्या कापसाच्या गादीपेक्षा मऊ. माझी पाठ आता पस्तिशीतली नाही, ते मलाही कळतं. तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत म्हणून हात-हातभर लांबीच्या घेतल्या आहेत. डास खूप, म्हणून जाळी, ओडोमॉस आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. बेटावर एका जागी भाड्याच्या लाकडी खोल्या आहेत, तिथे संडास-बाथरूम आहे. आम्ही मुद्दाम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर तंबू टाकतोय. हा निर्णय सर्वस्वी माझा होता, बाकीच्यांना आणखी पुढे जायचं होतं. पहिल्या रात्री पिठलं-भात, दुसऱ्या दिवशी थालीपिठं (भाजणी तुझीच, मेमध्ये आणलेली), आणि कोजागरीला दूध. तू पाठवलेला मसाला अजून अर्धी बाटली शिल्लक आहे. जपून वापरलाय.

आता खरं कारण सांगते. वर एवढं लिहिलं तेही खोटं नाही, पण ते सगळं पोटापाण्याचं झालं.

समुद्रापासून पाचशे पावलांवर मी वाढले आणि एकही रात्र पुळणीवर झोपले नाही. दादा आणि त्याची टोळी दर कोजागरीला सतरंज्या घेऊन जायची. मी पडवीत, कठड्याला टेकून. वाऱ्यावर त्यांचा आवाज यायचा, मध्येच हसणं, मध्येच कुणीतरी भसाड्या आवाजात गाणं. "मुलींनी रात्री पुळणीवर काय करायचंय?" हे कोण म्हणालं ते आता आठवत नाही. कदाचित कुणीच म्हणालं नसेल, तेव्हा ते म्हणावंच लागायचं नाही. तक्रार करत नाहीये. तुम्ही मला शिकायला एकटीला पुण्याला धाडलंत, तेव्हा वाडीतल्या निम्म्या घरांनी तोंडं वाकडी केली होती, आणि बाबांनी सुपारीचे पैसे कसे उभे केले तेही मला ठाऊक आहे. मला फक्त एकदा वाळूवर झोपायचं होतं.

आणि आई, मला हेही आठवतंय की एका वर्षी तू सगळे झोपल्यावर पितळेच्या गडूतून दूध घेऊन पडवीत आलीस. वर जाड साय, तिला चिकटलेल्या चारोळ्या. आपण दोघी बसलो, तू काही बोलली नाहीस. कनकदुर्गावरच्या दीपगृहाचा उजेड फिरून आला की मी आकडा म्हणायचे, आणि झोप लागेपर्यंत तू माझ्या पाठीवर तेवढ्याच थापट्या मारायचीस. कितीवर झोपले ते तूच सांग.

इथेही दीपगृह आहे, केप लुकआउटचं. १८५९ सालचं, १६३ फूट उंच, आणि अंगभर काळ्या-पांढऱ्या मोठाल्या शंकरपाळ्या रंगवलेल्या. काळ्या उत्तर-दक्षिणेला, पांढऱ्या पूर्व-पश्चिमेला, म्हणजे गलबतावरच्या माणसाला आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळावं. पंधरा सेकंदांनी एकदा उजेड येतो. मोजायला बरं.

आता नीट ऐका. चारही दिवस तुमच्या संध्याकाळी साडेसहाला तुमचे जावई फोन करतील. माझ्याकडे उपग्रहावरून निरोप पाठवणारं एक लहानसं यंत्र आहे, त्यावरून मी रोज त्यांना आणि दादाला "ठीक" एवढं कळवीन. फोनला पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर लगेच दादाला हैराण करायचं नाही.

बाबा, सकाळची साखर रोज तपासायची आणि वहीत लिहायची. मनातल्या मनात नाही, वहीत. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय वाडीत जायचं नाही, पाऊस सरताना फुरशी निघतात हे मीच तुम्हाला सांगायचं का? माडावर चढणाऱ्याला बोलवा, स्वतः शिडी लावू नका. आगाशीत जायचं तर आईला सांगून. आई, तू फराळाच्या नादात जमिनीवर बसून चकल्या पाडू नकोस, टेबलाशी खुर्ची ओढून घे. तुझ्या चकल्या खुर्चीत बसूनही तशाच होतात, गेल्या वर्षी मी बघितलंय. गोळ्या संपत आल्या असतील तर कोजागरीच्या आधीच दापोलीहून मागवून ठेवा. फोन रात्री चार्जिंगला लावा, उशाशी नको. जरा जास्तच हुकूम सोडतेय, कळतंय मला. कुणावर गेले आहे ते दोघांनी आपसात ठरवा.

तुमच्याकडे चंद्र माझ्या दहा-एक तास आधी डोक्यावर येईल. दूध आधी तुमचं होईल, मग माझं.

तुमची,
छकुली

ता. क. आई, चारोळ्या दूध आटवताना घालायच्या की उतरवल्यावर? दादाला सांग, तो कळवेल.
ता. क. २. बाबा, गाडी रुतली तर फोटो पाठवणार नाही.